अरबीतून लॅटिनमध्ये तत्त्वज्ञान नेणारे मध्ययुगीन अनुवादक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे अनुवादक कोण होते आणि त्यांनी नेमकं काय केलं?

बाराव्या शतकाच्या मध्यापासून तेराव्या शतकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांत, स्पेन, सिसिली आणि दक्षिण इटलीतल्या मोजक्या लोकांनी अरबी भाषेतलं तत्त्वज्ञान लॅटिनमध्ये आणलं. त्यात चर्चचे अधिकारी होते, ज्यू पंडित होते, अरबी बोलणारे ख्रिश्चन होते, आणि ज्यांची नावंही कुणी लिहून ठेवली नाहीत असे मुसलमान जाणकारही होते.

त्याआधी लॅटिन वाचणाऱ्या युरोपकडे अ‍ॅरिस्टॉटलचं फार थोडं होतं. सहाव्या शतकात बोएथियस या रोमन पंडिताने केलेल्या तर्कशास्त्राच्या अनुवादांपैकी दोन छोटे ग्रंथ तेवढे सर्रास वाचले जात. निसर्ग, आत्मा आणि अस्तित्वाचं मूळ यांवर अ‍ॅरिस्टॉटल काय म्हणाला हे त्यांना ऐकूनच ठाऊक होतं. तेराव्या शतकाच्या मध्यावर मात्र पॅरिसच्या विद्यार्थ्यापुढे जवळजवळ सगळा अ‍ॅरिस्टॉटल होता, आणि सोबत इब्न सीना, अल-फाराबी, अल-किंदी, अल-गझाली, इब्न रुश्द हे अरबीत लिहिणारे मुसलमान विचारवंत आणि ज्यू तत्त्वज्ञ मैमोनिदीस होते. लॅटिनमध्ये इब्न सीनाचा अव्हिसेना झाला, इब्न रुश्दचा अव्हेरोएस, अल-गझालीचा अल्गाझेल. आपल्याकडच्या बऱ्याच पुस्तकांत आजही हीच नावं दिसतात.

युरोपला अ‍ॅरिस्टॉटल अरबीतूनच मिळाला, हे खरं ना?

अर्धंच खरं. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हेनिसचा जेम्स थेट ग्रीकमधून अनुवाद करत होता. तेराव्या शतकात मोर्बेकेच्या विल्यमने जवळपास सगळा अ‍ॅरिस्टॉटल ग्रीकमधून नव्याने आणला किंवा आधीचे अनुवाद सुधारले. काही ग्रंथ मात्र आधी अरबीमार्गे पोहोचले, उदाहरणार्थ आकाशावरचा ग्रंथ आणि प्राण्यांवरचे ग्रंथ.

‘अरबांनी ग्रीक ज्ञान जपून ठेवलं आणि युरोपला परत केलं’ हे वाक्य शाळेपासून आपल्या कानावर पडतं. मला ते मुळातच अन्यायाचं वाटतं. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इस्हाक आणि त्याच्या मंडळींनी ग्रीक ग्रंथ सिरियाक आणि अरबीत आणले. त्यानंतरची तीनशे वर्षं त्या ग्रंथांवर वाद झाले, त्यांतल्या चुका काढल्या गेल्या, पूर्णपणे नवे सिद्धान्त उभे राहिले. एखादी गोष्ट ‘काय आहे’ आणि ती ‘आहे’ या दोन वेगळ्या बाबी आहेत, हा भेद इब्न सीनाने ज्या रीतीने मांडला तसा तो अ‍ॅरिस्टॉटलमध्ये सापडत नाही. तेराव्या शतकातला ख्रिश्चन तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस याच्या विचाराचा तर तो कणाच आहे. स्पेनमधल्या टोलेडो शहरात जे भाषांतरित झालं ते असं जिवंत, भांडणारं तत्त्वज्ञान होतं.

टोलेडोच का?

१०८५ मध्ये कॅस्टिलचा राजा सहावा अल्फोन्सो याने टोलेडो घेतलं. सत्ता ख्रिश्चन झाली, पण शहराची भाषा एका रात्रीत बदलली नाही. तिथले मोझारब, म्हणजे पिढ्यान् पिढ्या अरबी बोलणारे ख्रिश्चन, पुढची शंभर वर्षं आणि त्याहूनही जास्त काळ जमिनीची खरेदीखतं अरबीतच लिहीत राहिले. पुस्तकं होती आणि ती वाचणारेही होते. त्यात ११४७-४८ च्या सुमारास दक्षिणेत अल्मोहाद या उत्तर आफ्रिकेतल्या मुसलमान घराण्याची सत्ता आली. ज्यूंना धर्मांतर करा नाहीतर निघा असं झालं, तेव्हा कोर्दोबासारख्या शहरांतले अरबीत शिकलेले ज्यू पंडित उत्तरेला टोलेडोत आले. दुसऱ्या बाजूने इटली, इंग्लंड आणि फ्रान्समधून ज्ञानाच्या शोधात निघालेली लॅटिन जाणणारी माणसं येत होती. या सगळ्यांची गाठ एकाच शहरात पडली, हे खरं कारण.

पुष्कळ ठिकाणी ‘टोलेडोची अनुवाद-शाळा’ असा उल्लेख येतो, आणि मग लोक विचारतात की ती इमारत आज कुठे आहे. तशी शाळा नव्हती. एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी ती कल्पना रूढ केली. आर्चबिशप रेमंडने ती स्थापन केली असंही सांगितलं जातं, पण तत्त्वज्ञानाचे महत्त्वाचे अनुवाद त्याच्या कारकिर्दीनंतरचे आहेत. खरा आधार कॅथेड्रलचा होता. बरेचसे अनुवादक तिथल्या धर्मगुरूंच्या मंडळात होते. पोट त्या पदावर चालायचं, आणि उरलेला वेळ पुस्तकांना द्यायचा.

प्रत्यक्षात अनुवाद कसा करायचे? एक माणूस दोन्ही भाषा जाणत होता का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

पुष्कळदा दोन माणसं मिळून एक अनुवाद करत. याचा सर्वात स्पष्ट पुरावा इब्न सीनाच्या आत्म्यावरच्या ग्रंथाच्या लॅटिन प्रस्तावनेत आहे. तो ग्रंथ ‘शिफा’ या त्याच्या विश्वकोशासारख्या रचनेचा एक भाग. प्रस्तावना लिहिणारा अव्हेंदाउथ ही टोलेडोचा आर्चबिशप जॉन याला अर्पण करतो. पुस्तक अरबीतून कसं उतरवलं हेही तो सांगतो: आपण एकेक शब्द बोलीभाषेत म्हणत गेलो आणि आर्चडीकन डोमिनिकस एकेक शब्द लॅटिनमध्ये करत गेला. अव्हेंदाउथ म्हणजे ज्यू तत्त्वज्ञ अब्राहम इब्न दाऊद, असं बहुतेक अभ्यासक मानतात. डोमिनिकस म्हणजे गुंडिसालिनस, टोलेडोतला धर्मगुरू आणि अनुवादक.

आता ते दोघं डोळ्यांसमोर आणा. एकाच्या हातात अरबी पोथी आहे. तो वाक्य वाचतो, समजून घेतो आणि कॅस्टिलच्या बोलीत मोठ्याने सांगतो. दुसरा ऐकतो आणि लॅटिनमध्ये लिहितो. मधली बोली कागदावर येतच नाही. त्या बोलीत तत्त्वज्ञानाची परिभाषा तयार नव्हती, म्हणजे ‘बुद्धी’, ‘आशय’, ‘शक्यता’ अशा गोष्टी बाजारात बोलायच्या भाषेत सांगाव्या लागत असणार. तो ग्रंथ लॅटिनमध्ये इतका नेमका कसा उतरला याचं मला कायम नवल वाटत आलं आहे. एक गोष्ट मात्र उघड आहे: अरबी समजण्याचं अवघड काम इब्न दाऊदने केलं. तो बैठकीला बसलेला नुसता दुभाषा नव्हता, स्वतः तत्त्वज्ञ होता, आणि आपला स्वतंत्र ग्रंथ त्याने अरबीत लिहिला आहे.

अशा जोड्या आणखीही दिसतात. क्रेमोनाचा अनुवादक जेरार्ड याला ‘अल्माजेस्ट’ या खगोलग्रंथासाठी गालिब नावाच्या मोझारबाने मदत केली, हे मॉर्लीच्या डॅनियलमुळे कळतं. हा इंग्रज पॅरिसच्या अध्यापकांना कंटाळून टोलेडोला गेला होता. मायकेल स्कॉट या अनुवादकाला टोलेडोत अबुतेउस नावाच्या ज्यू सहकाऱ्याची साथ होती. तेराव्या शतकातला इंग्रज पंडित रॉजर बेकन तर लिहितो की टोलेडोतला अनुवादक हर्मन द जर्मन याने स्वतःच कबूल केलं होतं, की आपण अनुवादकापेक्षा मदतनीस जास्त होतो आणि मुख्य काम स्पेनमधल्या मुसलमानांनी केलं. बेकन अनुवादकांवर नेहमीच कडक असतो, म्हणून त्याचं सगळंच घेऊ नये. तरी लॅटिन हस्तलिखिताच्या शेवटी एकच नाव दिसलं की शेजारचं नाव राहिलंय का हे विचारायची सवय आपण लावून घ्यायला हवी.

क्रेमोनाच्या जेरार्डचं नाव सगळीकडे का दिसतं?

त्याच्या कामाचा पसाराच तेवढा आहे. तो उत्तर इटलीचा. टॉलेमीचा खगोलशास्त्रावरचा ‘अल्माजेस्ट’ लॅटिनमध्ये मिळेना म्हणून टोलेडोला आला. तिथे प्रत्येक विषयावरची अरबी पुस्तकं पाहून त्याला लॅटिन वाचकांच्या दारिद्र्याचं वाईट वाटलं, आणि अनुवाद करता यावा म्हणून तो अरबी शिकला. तो गेला ११८७ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. पुस्तकांवर नाव घालायची त्याला सवय नव्हती. त्याचं श्रेय दुसरा कुणी लाटू नये म्हणून सहकाऱ्यांनी छोटं चरित्र आणि अनुवादांची यादी करून ग्रीक वैद्य गॅलेनच्या एका ग्रंथाच्या अनुवादाला जोडली. वर सांगितलेली टोलेडोला येण्याची हकीकत त्यातलीच.

त्या यादीत सत्तरच्या वर कामं आहेत: युक्लिड, अल-ख्वारिज्मीचं बीजगणित, अ‍ॅरिस्टॉटलचं ‘फिजिक्स’, अल-किंदी, अल-फाराबीचं शास्त्रांचं वर्गीकरण, आणि इब्न सीनाचा वैद्यकावरचा अवाढव्य ‘कानून’. हा ‘कानून’ युरोपच्या विद्यापीठांत सतराव्या शतकापर्यंत शिकवला गेला. आपल्याकडे युनानी वैद्यकाचा पाया आजही तोच ग्रंथ आहे.

‘उडता माणूस’ म्हणजे काय? तो या अनुवादांशी कसा जोडलेला आहे?

इब्न दाऊद आणि गुंडिसालिनस यांनी अनुवादलेल्या त्याच ग्रंथातला हा विचारप्रयोग आहे. इब्न सीना म्हणतो, अशी कल्पना करा की एक माणूस एका क्षणात, पूर्ण वाढलेला निर्माण झाला. तो पोकळीत तरंगतो आहे. डोळ्यांवर आवरण आहे. हवेचाही स्पर्श जाणवत नाही. हातपाय असे पसरलेले आहेत की एक अवयव दुसऱ्याला लागत नाही. त्याला काही दिसत नाही, ऐकू येत नाही, आपल्याला शरीर आहे हेसुद्धा माहीत नाही. तरी ‘मी आहे’ हे तो मान्य करील का? इब्न सीनाचं उत्तर ठाम होकाराचं आहे. मग ज्याचं असणं तो मान्य करतो ते, आणि ज्याचा त्याला पत्ताच नाही ते शरीर, ही दोन एकच कशी असतील?

या युक्तिवादात फट आहे का यावर आजही लेख लिहिले जातात. मला माहीत नसलेली गोष्ट माझ्यापासून वेगळीच असली पाहिजे असं नाही, हा आक्षेप साधा पण वजनदार आहे. पण लॅटिन वाचकांना तो तरंगणारा माणूस विलक्षण भावला. बाराव्या-तेराव्या शतकातल्या कितीतरी लेखकांनी त्याचा आधार घेतला.

अल-गझालीबद्दल लॅटिन वाचकांचा गैरसमज झाला होता म्हणतात. काय झालं होतं?

अल-गझालीची दोन पुस्तकं इथे महत्त्वाची. एकात इब्न सीनाच्या परंपरेतल्या तत्त्वज्ञांची मतं सरळ, सुबोध भाषेत मांडली. दुसऱ्यात, म्हणजे ‘तहाफुत’मध्ये, त्या मतांवर कडाडून हल्ला केला. पहिल्याच्या प्रस्तावनेत तो स्पष्ट म्हणतो की ही मतं माझी नाहीत, खंडन करण्याआधी ती समजून घ्यावीत म्हणून मांडतो आहे.

टोलेडोत अनुवाद झाला तो पहिल्या पुस्तकाचा. प्रस्तावना बहुतेक हस्तलिखितांत उतरलीच नाही. त्यामुळे तत्त्वज्ञांचा हा मोठा टीकाकार लॅटिन जगात दीर्घकाळ इब्न सीनाचा निष्ठावंत अनुयायी म्हणून वावरला. रॉजर बेकनसारख्या थोड्यांनाच ती प्रस्तावना माहीत होती. ‘तहाफुत’मधले युक्तिवाद लॅटिनमध्ये आले ते १३२८ मध्ये, आणि तेही इब्न रुश्दने त्याला दिलेल्या उत्तराच्या अनुवादातून. चारदोन पानं गळली, आणि एका विचारवंताची ओळख पुरती उलटली.

याच्याइतकीच चटका लावणारी गोष्ट इब्न गबिरोलची. मलागात जन्मलेला हा ज्यू कवी. त्याची प्रार्थनाकाव्यं ज्यू लोक आजही म्हणतात. त्याने अरबीत लिहिलेला तत्त्वज्ञानाचा संवाद गुंडिसालिनस आणि जोहान्स हिस्पानस यांनी ‘जीवनाचा झरा’ या नावाने लॅटिनमध्ये आणला. लेखकाचं नाव झालं अव्हिसेब्रोन. कुणी त्याला मुसलमान समजलं, कुणी ख्रिश्चन. १८४६ मध्ये सालोमन मुंक या पंडिताने पॅरिसमधल्या हिब्रू हस्तलिखितातले उतारे लॅटिनशी ताडून पाहिले, तेव्हा उलगडा झाला की अव्हिसेब्रोन म्हणजे आपला कवी इब्न गबिरोलच. मूळ अरबी ग्रंथ हरवला आहे. आज तो पूर्ण वाचायचा तर लॅटिनमध्येच वाचावा लागतो.

इब्न रुश्द युरोपात कसा पोहोचला?

मुख्यतः मायकेल स्कॉटमुळे. स्कॉटने १२१७ मध्ये टोलेडोत अल-बित्रुजीचा खगोलावरचा ग्रंथ अनुवादला आणि पुढे सम्राट दुसरा फ्रेडरिक याच्या दरबारी गेला. इब्न रुश्द ११९८ मध्ये मराकेशला वारला होता. त्याच्या मृत्यूला चाळीस वर्षं होण्याआधीच अ‍ॅरिस्टॉटलवरची त्याची विस्तृत भाष्यं लॅटिनमध्ये आली. आत्म्यावरचं त्याचं मोठं भाष्यही त्यात होतं. त्याचं मूळ अरबी आज तुकड्यांतच उरलं आहे, लॅटिन मात्र संपूर्ण आहे. पॅरिसमध्ये पुढे ‘भाष्यकार’ एवढंच म्हटलं की तो इब्न रुश्दच, नाव घ्यायची गरज उरली नाही.

स्कॉटबद्दलची एक गोष्ट मला फार आवडते. १२२४ मध्ये पोपने त्याला आयर्लंडमधल्या कॅशेलचं आर्चबिशपपद देऊ केलं. तिथल्या लोकांची भाषा आपल्याला येत नाही, या कारणाने त्याने ते नाकारलं.

चर्चने या पुस्तकांवर बंदी घातली नव्हती का?

घातली होती, आणि ती टिकली नाही. १२१० मध्ये पॅरिसमध्ये अ‍ॅरिस्टॉटलची निसर्गविषयक पुस्तकं आणि त्यांवरची भाष्यं शिकवण्यावर बंदी आली, १२१५ मध्ये तिचा पुनरुच्चार झाला. १२३१ मध्ये पोप नववा ग्रेगरी म्हणाला की पुस्तकं तपासून शुद्ध होईपर्यंत वापरू नका. १२५५ मध्ये तीच पुस्तकं पॅरिसच्या कला शाखेच्या अधिकृत अभ्यासक्रमात आली.

खरा भडका नंतर उडाला. इब्न रुश्दच्या आत्म्यावरच्या भाष्यात असं मत आहे, की ज्या बुद्धीने आपण सार्वत्रिक गोष्टी जाणतो ती सगळ्या माणसांत मिळून एकच आहे. मग मेल्यावर माझं, एकट्याचं, काय उरतं? शिक्षा कुणाला आणि बक्षीस कुणाला? ब्राबांचा सिगर आणि पॅरिसचे काही अध्यापक या मताच्या बाजूने बोलू लागले. १२७० मध्ये अक्वायनसने त्याविरुद्ध स्वतंत्र पुस्तिका लिहिली. त्याचा मुख्य मुद्दा सोपा आहे: विचार करतो तो हा माणूस, समोर उभा असलेला, आणि एकच बुद्धी मानणाऱ्या सिद्धान्ताला ही साधी गोष्ट समजावता येत नाही. त्याच वर्षी पॅरिसच्या बिशपने तेरा मतं निषिद्ध ठरवली, आणि ७ मार्च १२७७ ला २१९. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी झालेला एक अनुवाद विद्यापीठ हलवू शकला, ही गोष्ट अनुवादाला दुय्यम समजणाऱ्यांनी जरूर ध्यानात घ्यावी.

चुकीच्या अनुवादाने काही नवीन घडलं, असं उदाहरण आहे का?

अ‍ॅरिस्टॉटलचं ‘काव्यशास्त्र’. त्यावर भाष्य करताना इब्न रुश्दपुढे ग्रीक रंगभूमी नव्हती. शोकांतिका म्हणजे स्तुतिकाव्य आणि सुखात्मिका म्हणजे निंदाकाव्य असं तो समजला, कारण अरबी काव्यात त्याला हेच प्रकार माहीत होते. हर्मन द जर्मनने १२५६ मध्ये टोलेडोत हे भाष्य लॅटिनमध्ये आणलं. मोर्बेकेने १२७८ मध्ये मूळ ग्रीकमधून अचूक अनुवाद केला. वाचला गेला तो हर्मनचा. त्याची दोन डझनांच्या आसपास हस्तलिखितं उरली आहेत, मोर्बेकेच्या अनुवादाची फक्त दोन. काव्याने सद्गुणांची स्तुती आणि दुर्गुणांची निंदा करावी, हे मध्ययुगीन वाचकांना आधीपासून पटत होतंच. इब्न रुश्दने त्याला अ‍ॅरिस्टॉटलचं बळ दिलं.

ज्यांवर अनुवादकाचं नाव नाही ते अनुवाद कुणाचे, हे कसं ठरवतात?

लहान शब्दांवरून. ‘म्हणजे’, ‘परंतु’, ‘म्हणून’ अशा अर्थाच्या अरबी अव्ययांसाठी लॅटिनमध्ये अनेक पर्याय असतात, आणि प्रत्येक अनुवादकाचा हात ठराविक पर्यायांवर बसलेला असतो. अलीकडे संगणकाने हे मोजता येतं, आणि काही निनावी अनुवाद गुंडिसालिनस किंवा मायकेल स्कॉट यांच्या नावे लावता आले आहेत.

मूळ लेखकाबद्दलचाही घोळ असे. ‘कारणांचं पुस्तक’ हा जेरार्डने अनुवादलेला ग्रंथ अ‍ॅरिस्टॉटलचा म्हणून पॅरिसमध्ये शिकवला जात होता. १२६८ मध्ये मोर्बेकेने प्रोक्लस या ग्रीक तत्त्वज्ञाचा ग्रंथ ग्रीकमधून आणला, आणि तो वाचून अक्वायनसच्या लक्षात आलं की ‘कारणांचं पुस्तक’ प्रोक्लसवरून रचलेलं आहे. अरबी न येताही केवळ वाचनाच्या बळावर त्याने हे ओळखलं.

काय अनुवादित झालं नाही?

बरंच. अल-फाराबीचा आदर्श नगरीवरचा ग्रंथ नाही, इब्न सीनाच्या तर्कशास्त्राचा बहुतांश भाग नाही, धर्म आणि तत्त्वज्ञान यांच्या नात्यावरचा इब्न रुश्दचा निवाडाही नाही. इब्न तुफैलची निर्जन बेटावर एकट्याने वाढलेल्या मुलाची तत्त्वकथा छापील लॅटिनमध्ये आली १६७१ मध्ये. म्हणून ‘मध्ययुगीन युरोपने अरबी तत्त्वज्ञान वाचलं’ असं म्हणताना, त्यांनी आपल्या विद्यापीठाला लागणारा भाग वाचला, असं म्हणणं जास्त बरोबर.

या सगळ्यात भारत कुठे येतो?

तत्त्वज्ञानात फारसा नाही. न्याय, सांख्य, वेदान्त यांपैकी काही या वाटेने लॅटिनमध्ये गेलं नाही. अल-बिरूनीने योगसूत्रांचा अरबी अवतार केला होता, पण टोलेडोत त्याला कुणी हात लावला नाही. गणित, खगोल आणि कथा मात्र गेल्या. भारतीय अंकांवरचं अल-ख्वारिज्मीचं पुस्तक बाराव्या शतकात लॅटिनमध्ये आलं. ब्रह्मगुप्ताच्या परंपरेवर बेतलेले त्याचे ग्रहगणिताचे तक्ते बाथच्या अ‍ॅडलार्डने ११२६ मध्ये आणले. रेखांश जिथून मोजायचे ते ‘अरिन’ नावाचं ठिकाण लॅटिन खगोलग्रंथांत भेटतं, ते आपलं उज्जैन. आणि पंचतंत्र पहलवी, अरबी, हिब्रू असा प्रवास करत तेराव्या शतकात कापुआच्या जॉनच्या हातून लॅटिनमध्ये पोहोचलं.

मला यात खोल शिरायचं आहे. सुरुवात कुठून करू?

एका अनुवादकापेक्षा एका ग्रंथापासून करा, आणि तो इब्न सीनाचा आत्म्यावरचा ग्रंथ असू द्या. इंग्रजी येत असेल तर पहिला अध्याय वाचून उडत्या माणसावर स्वतः आक्षेप लिहून काढा, मग अक्वायनसची १२७० ची पुस्तिका वाचा. भाषा शिकायची तयारी असेल तर आधी लॅटिन शिका, कारण काही मूळ अरबी ग्रंथ उरलेच नाहीत. पण अरबीशिवाय थांबू नका. उर्दू लिपी वाचता येणाऱ्यांना आणि ज्यांच्या घरात कुराणपठण आहे त्यांना अक्षरओळख आधीच असते, आणि महाराष्ट्रात अशी माणसं पुष्कळ आहेत. या विषयाला दोन्ही बाजूंनी वाचणारे लोक हवे आहेत, आणि दोन्ही भाषा एकाला जमणार नसतील तर दोघांनी मिळून बसायला काहीच हरकत नाही.